फ्रँकफर्टला नदीकाठी न्यूट्रिया वाढलेत, हिवाळा गरम झाल्यामुळे का?

निद्दाकाठ
नमस्कार मंडळी, आम्ही फ्रँकफर्टला निद्दा नदीजवळ राहतो. काठावर न्यूट्रिया दिसतात, म्हणजे अगदी भलीमोठी घूस, पण नारिंगी दात आणि मागच्या पायांना पडदे. शेजारच्या आजी म्हणतात की पूर्वी कडक हिवाळा पडला की बरेच मरायचे, आता बर्फच टिकत नाही. हे खरंच क्लायमेट चेंजमुळे आहे, की लोक ब्रेड टाकतात म्हणून? लेकीला शाळेत यावर बोलायचंय, तर नीट माहिती हवीय.

पाणथळ_प्रेमी
आजींचं बरोबर आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला प्राणी, फरसाठी युरोपात आणला, मग फार्ममधून काही पळाले आणि धंदा बसल्यावर काही सोडून दिले, म्हणजे आणला माणसानेच. इथे त्याला ब्रेक होता तो थंडीचा. शेपटीवर केस जवळजवळ नसतात त्यामुळे ती गारठून सडते, पाणी गोठलं की पाणवनस्पतींची मुळं मिळत नाहीत, पिल्लं मरतात, गाभण माद्यांचे गर्भ पडतात. एरवी वर्षभर वीण चालू, साडेचार महिन्यांत पाचेक पिल्लं, तीही डोळे उघडे घेऊनच जन्मतात. त्यामुळे लागोपाठ दोन-तीन हिवाळे सौम्य गेले की संख्या भसाभस वाढते.

इंग्लंडचं उदाहरण लेकीला जरूर सांगा. पूर्व इंग्लंडमध्ये १९६२-६३ च्या भयंकर थंडीत बहुतेक न्यूट्रिया मेले, नंतर सौम्य हिवाळे आले आणि सत्तरच्या दशकात परत हजारोंनी झाले. मग १९८१ मध्ये २४ पारधी पूर्णवेळ नेमले, वेळेत संपवलेत तर मोठा बोनस असं ठरवलं, मधल्या कडक हिवाळ्यांचीही मदत झाली आणि १९८९ ला मोहीम यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. आज तशी थंडी मदतीला येईलच याची खात्री नाही, मला खरी काळजी त्याची वाटते.

उत्रेख्तकर
नेदरलँड्समधून लिहितेय. इथे हा जिवावरचा विषय आहे कारण देशाचा पाव भाग समुद्रसपाटीखाली. बिळाचं तोंड पाण्याजवळ, तिथून ते बांधाच्या पोटात शिरतं, वरून गवत छान हिरवं दिसतं आणि आतून पोकळ. पाणी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थांचे पगारी पकडणारे आहेत, जर्मनीकडून नद्यांवाटे येणारे न्यूट्रिया सीमेवरच अडवायचे असा प्रयत्न असतो. हवामान बदलाने मुसळधार पाऊस आणि पूर वाढतायत, त्यात असा पोखरलेला बांध म्हणजे दुहेरी संकट.

फक्त मस्करॅट, म्हणजे न्यूट्रियासारखाच दिसणारा पण वेगळा प्राणी, यात मिसळू नका प्लीज. तो उत्तर अमेरिकेतला, १९०५ मध्ये प्रागजवळ सोडला आणि तिथून युरोपभर गेला, त्याला बर्फाची सवय आहे. उलट कॅनडात पीस-अथाबास्का त्रिभुज प्रदेशात उथळ तळी आटल्यामुळे तो कमी झालाय. ऊन वाढलं की सगळेच वाढतात असं नाही.

गल्फकोस्ट_मराठी
अमेरिकेत लुईझियानात थंडीचा प्रश्न मुळात कमीच, इथे समुद्राचा आहे. न्यूट्रिया दलदलीतलं गवत मुळासकट उपटून खातात. त्या मुळांनीच माती धरलेली असते, ती सुटली की जमीन खचते, वर समुद्र चढतोय, म्हणजे परत गवत उगवायच्या आत तिथे उघडं पाणी होतं आणि ते कायमचं. चक्रीवादळाची लाट अडवणारी हीच दलदल आहे हो. सरकार २००२ पासून मारलेल्या न्यूट्रियाच्या दर शेपटीला पैसे देतं, आता सहा डॉलर. मेरीलँडने मात्र चेसापीक उपसागरातून सगळे काढले, २०२२ मध्ये तसं जाहीर केलं, साधारण १४ हजार प्राणी आणि वीस वर्षं लागली.

निद्दाकाठ
खूप आभार सगळ्यांचे! मग ब्रेडचं काय?

पाणथळ_प्रेमी
ब्रेड आणि गाजरं टाकूच नका, अन्न तुटायच्या दिवसांत तेच त्यांना तारतं. आणि लेकीला बीव्हर वेगळा ओळखायला शिकवा, त्याची शेपटी चपटी वल्ह्यासारखी असते, न्यूट्रियाची गोल, आणि न्यूट्रियाच्या मिशा पांढऱ्या. बीव्हर युरोपातलाच मूळचा आहे, जर्मनीत त्याला कायद्याने कडक संरक्षण आहे.