घरखर्चाचा हिशेब काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. पाच जणांचा खर्च एकत्र कसा मांडावा?

कुंदकळी

आमच्या घरात मिळवती माणसे दोन आणि खर्च करणारी पाच आहेत. मी आणि माझे पती नोकरी करतो, रोजची खरेदी बहुतांशी सासूबाई पाहतात, मुलगी महाविद्यालयात असल्याने प्रवासाचा आणि पुस्तकांचा खर्च ती स्वतः करते आणि धाकट्या मुलाला किरकोळ खर्चासाठी आम्ही ठरावीक पैसे देतो. उत्पन्न पुरेसे आहे, कर्जाचा हप्ता वेळेवर जातो, तरीही महिनाअखेरीस हाती किती उरेल याचा अंदाज नीट बांधता येत नाही आणि ही अनिश्चितता मला फार खटकते.

वही, मोबाइलवरचे अ‍ॅप आणि संगणकावरचा तक्ता असे तिन्ही मार्ग आम्ही वापरून पाहिले आहेत. प्रत्येक वेळी पहिले काही आठवडे नोंदी नेटाने होतात. मग घरात कोणाचे आजारपण येते किंवा कामाचा ताण वाढतो, नोंदी मागे पडतात आणि मागचे सारे आठवून भरण्याचा कंटाळा येऊन हिशेबच बारगळतो. खर्चाची नोंद किती बारकाईने करावी, वर्षातून एकदाच येणारे मोठे खर्च मासिक अंदाजात कसे बसवावेत आणि हिशेब विचारला की समोरच्याला ती उलटतपासणी वाटू नये यासाठी काय करावे, या तीन बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. शेवटची अडचण मला सर्वांत अवघड वाटते, कारण सासूबाईंना खर्चाबद्दल विचारणे मला प्रशस्त वाटत नाही.

रोजकीर्द

मी बरीच वर्षे जमाखर्चाच्या कामात आहे. घरच्या हिशेबाची सुरुवात नोंदींऐवजी शिल्लकेपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरातल्या सर्व बँक खात्यांतील शिल्लक आणि हातातील रोकड यांची बेरीज करा, त्यातून क्रेडिट कार्डावरची देणी वजा करा आणि आलेला आकडा तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हेच पुन्हा करा. आरंभीच्या शिल्लकेत महिन्याभरातील सर्व जमा मिळवून त्यातून अखेरची शिल्लक आणि ठेवीत किंवा गुंतवणुकीत टाकलेली रक्कम वजा केली की उरतो तो त्या महिन्याचा एकूण खर्च. यासाठी एकाही बिलाची नोंद लागत नाही, आणि एखाद्या महिन्यात नोंदी पूर्णपणे राहून गेल्या तरी हा आकडा हाती असल्यामुळे वर्षाची साखळी तुटत नाही. आपल्याकडे हिशेब बारगळतो तो बहुधा या दोन टोकांच्या आकड्यांअभावी, कारण मधल्या नोंदी चुकल्या की धरून ठेवायला दुसरे काहीच उरत नाही.

नोंदी करायच्या त्या या एकूण खर्चाची फोड करण्यासाठी. सदरे सात-आठच्या वर नेऊ नयेत. घरभाडे किंवा गृहकर्ज, किराणा व रोजची खरेदी, वीज-पाणी-इंधन-दूरध्वनी, प्रवास, शिक्षण, औषधपाणी, कपडे व घरातील वस्तू आणि करमणूक एवढी सदरे बहुतेक कुटुंबांना पुरतात. सदरे वाढली की प्रत्येक नोंदीच्या वेळी निर्णय घ्यावा लागतो आणि माणूस थकतो तो लिहिण्यापेक्षा या निर्णयांनी. एकाच दुकानाच्या एकाच बिलात किराणा, साबण, मुलाच्या दोन वह्या आणि एक दिवा असे सारे येते. अशा बिलाची चार सदरांत वाटणी करत बसू नका. ज्या सदराची रक्कम सर्वांत मोठी, त्यातच पूर्ण बिल टाका. वेगळी नोंद करावी ती फक्त बिलात एखादी खरोखर मोठी वस्तू असेल तेव्हा. महिनाअखेरीस नोंदींची बेरीज एकूण खर्चाशी जुळणार नाही. तो फरक ओढूनताणून कुठल्या तरी सदरात घालू नका, ‘नोंद नसलेला खर्च’ असे म्हणून प्रामाणिकपणे दाखवा. हा आकडा एकूण खर्चाच्या दहाव्या भागाच्या आत असेल तर घरच्या हिशेबाला तेवढे पुरे आहे, असे मी मानतो.

दोन ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. कार्डावर केलेली खरेदी त्या दिवशी खर्चात लिहिली आणि पुढच्या महिन्यात कार्डाचे बिल भरल्यावर तीही रक्कम पुन्हा खर्चात लिहिली, तर एकच खर्च दोनदा मोजला जातो. बिल भरणे म्हणजे देणे फेडणे, तो नवा खर्च नसतो. तसेच आपल्या खात्यातून पतीच्या खात्यात किंवा सासूबाईंच्या हाती दिलेली रक्कम ही फक्त पैशांची जागा बदलणे आहे. तिला खर्च धरले आणि सासूबाईंनी केलेली खरेदीही धरली की पुन्हा तोच दुहेरी हिशेब होतो. दोघांची वेगवेगळी खाती असलेल्या घरांत आकडे फुगलेले दिसतात ते पुष्कळदा यामुळेच.

आठवून भरण्याबद्दल एक सांगतो. भारतातील राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कुटुंबांना खर्च विचारताना सर्व वस्तूंना एकच कालावधी लावत नाहीत. अलीकडच्या पद्धतीत नाशवंत वस्तूंसारख्या वारंवार घ्याव्या लागणाऱ्या गोष्टींसाठी मागचे 7 दिवस, कपडे, शिक्षण आणि टिकाऊ वस्तूंसाठी मागचे 365 दिवस आणि बाकीच्यांसाठी 30 दिवस धरतात, कारण लहान खर्च लवकर विसरले जातात आणि मोठे खर्च दीर्घकाळ लक्षात राहतात. घरीही हेच तत्त्व लावावे. किरकोळ खर्च आठवड्याच्या आत लिहिला गेला नाही तर तो सोडून द्यावा आणि पुढे चालू लागावे.

सावधपाऊल

रोजकीर्द यांनी सांगितलेली शिल्लकेची पद्धत आम्हीही पाळतो, म्हणून मी फक्त वार्षिक खर्चांबद्दल लिहिते. विम्याचा हप्ता, शाळेचे शुल्क, मालमत्ता कर, घराची आणि वाहनाची दुरुस्ती हे खर्च अचानक आले असे आपण म्हणतो, पण त्यांतील बहुतेकांचा महिना आणि रक्कम आपल्याला आधीच ठाऊक असते. मागच्या वर्षभराचे बँकेचे उतारे काढून हे सर्व खर्च एका कागदावर महिनावार लिहावेत. समजा विमा 18,000, शुल्क 30,000, कर 6,000 आणि दुरुस्ती 12,000 असेल, तर एकूण 66,000 होतात आणि महिन्याची तरतूद 5,500 येते. ही रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात वळती करावी आणि ते खाते रोजच्या व्यवहाराला लावू नये.

येथे एक अडचण येते, जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आपण वर्षाच्या मध्यावर सुरुवात केली आणि विम्याचा हप्ता तीनच महिन्यांवर असेल, तर त्याच्यासाठी दरमहा 1,500 बाजूला काढून भागणार नाही, पहिले तीन महिने 6,000 काढावे लागतील. पहिल्या फेरीत त्यामुळे ओढाताण होते आणि ‘तरतूद करूनही पैसे पुरले नाहीत’ असे वाटून पुष्कळ जण पद्धतच सोडून देतात. पहिले वर्ष जड जाणार हे घरात आधीच बोलून ठेवावे. हप्ता एकदा भरून झाला की दुसऱ्या फेरीपासून 1,500 पुरतात.

आठवड्याच्या खर्चाबाबतही असेच होते. आठवड्याची रक्कम चारने गुणून महिन्याचा खर्च काढला तर वर्षातले 48 आठवडेच हिशेबात येतात आणि चार आठवडे बाहेर राहतात. आठवड्याचा आकडा 52 ने गुणून 12 ने भागावा. आजारपण किंवा नोकरी जाणे यांसारख्या अनपेक्षित प्रसंगांसाठीचा राखीव पैसा मात्र या तरतुदीत मिसळू नये, कारण एकाला दिवस ठरलेला आहे आणि दुसऱ्याला नाही.

आधीबचत

मला थोडे वेगळे सुचवायचे आहे. एवढ्या नोंदी ठेवण्याची सर्वच कुटुंबांना गरज नसते. पगार जमा होताच बचतीची आणि तरतुदीची रक्कम आपोआप बाजूला जाईल अशी बँकेत व्यवस्था करावी आणि उरलेले पैसे निःशंक मनाने खर्च करावेत. प्रमाण हवे असेल तर एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची कन्या अमेलिया यांनी 2005 मध्ये अमेरिकेत मांडलेली वाटणी उपयोगी पडते : कर वजा जाता हाती येणाऱ्या उत्पन्नाचा 50 टक्के भाग गरजांसाठी, 30 टक्के हौशीसाठी आणि 20 टक्के बचत व कर्जफेडीसाठी. ज्या घरात नोंदींवरून कटुता येते, तेथे ही पद्धत अधिक सुखाची आहे असे मला मनापासून वाटते.

रोजकीर्द

आधी बचत बाजूला काढण्याचा सल्ला उत्तम आहे आणि तो मीही देतो. टक्केवारीबद्दल मात्र सावध राहायला हवे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून असे दाखवले की उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला मोठा वाटा अन्नावर जातो. गरजांचा वाटा उत्पन्नानुसार बदलत असेल तर सर्वांना 50 टक्क्यांची एकच मर्यादा कशी लागू पडेल? तुटपुंज्या उत्पन्नाच्या घरात गरजाच 80 टक्के खातात आणि त्या कुटुंबाने उधळपट्टी केली असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. शिवाय कुंदकळी यांचा मूळ प्रश्न पैसे कुठे जातात हे कळत नाही असा आहे, आणि तो नोंदींवाचून सुटणार नाही. सर्वच खर्च कायम लिहावा असे मी म्हणत नाही. एकदा वर्षभराचे चित्र हाती आले की ज्या सदरांत फारसा चढउतार नाही त्यांच्या नोंदी थांबवता येतात.

चौकट

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते हिशेब मोडतो तो येथेच. घरातली एक व्यक्ती नोंद ठेवते, तीच आकडे पाहते आणि तीच प्रश्न विचारते, तेव्हा बाकीच्यांना ती तपासनीस वाटू लागते. त्यावर आमच्याकडे दोन गोष्टींचा उपयोग झाला. पहिली अशी की मुलांसह प्रत्येकाला दरमहा हातखर्चाची ठरावीक रक्कम मिळते आणि तिचा हिशेब कोणीही कोणाला विचारायचा नाही. वहीत ती ‘हातखर्च’ या एकाच ओळीत लिहिली जाते. किरकोळ नोंदींचा मोठा भाग यामुळे आपसूक नाहीसा होतो आणि कोणाला काही लपवण्याचे कारणही उरत नाही. दुसरी गोष्ट अशी की महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून आकडे पाहायचे आणि त्या वेळी झालेल्या खर्चाबद्दल जाब विचारायचा नाही, पुढच्या महिन्यात काय येणार आहे एवढेच बोलायचे.

आपल्या सासूबाईंच्या बाबतीत मी असे सुचवेन की त्यांना हिशेब मागण्याऐवजी ते सदरच त्यांच्याकडे सोपवावे. रोजच्या खरेदीची रक्कम पहिल्या तारखेला पूर्ण त्यांच्या हाती द्यावी, कमी पडल्यास त्यांनी सांगावे आणि उरल्यास पुढच्या महिन्याला ओढावी. वही कशी ठेवायची हे त्यांनाच ठरवू द्या. ज्यांनी आयुष्यभर घर चालवले आहे त्यांना कुठे हात आखडायचा हे आपल्यापेक्षा चांगले कळते आणि तो अधिकार मान्य झालेला त्यांना दिसायला हवा.

पतिपत्नींच्या मिळकतीत अंतर असेल तर सामाईक खर्च निम्मानिम्मा करण्याऐवजी मिळकतीच्या प्रमाणात वाटावा. मिळकत 60 आणि 40 अशा प्रमाणात असेल आणि सामाईक खर्च 50,000 असेल, तर एकाने 30,000 आणि दुसऱ्याने 20,000 घालावेत. एकाने नोकरी सोडून घर सांभाळले असेल तर हे गणित लावूच नये. तेथे सर्व उत्पन्न दोघांचे मानून दोघांना सारखाच हातखर्च असावा.

कुंदकळी

सर्वांचे मनापासून आभार. सदर सासूबाईंकडेच सोपवण्याची कल्पना मला फार पटली आणि पतींनाही ती मान्य आहे. एक प्रश्न राहतो. मुलगी सर्व पैसे मोबाइलवरूनच देते. तिच्या नोंदी आपोआप होतात, म्हणून मला ते सोयीचे वाटत होते, पण तिचा हातखर्च महिन्याच्या मध्यातच संपतो.

चौकट

नोंद आपोआप झाली म्हणजे ती वाचली गेली असे नाही. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांचा 2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले, तेव्हा कार्डाने पैसे देणाऱ्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. पैसे हातातून सुटताना दिसले नाहीत की हात सैल होतो. मुलीवर रोख वापरण्याची सक्ती करू नका. हातखर्चासाठी वेगळे खाते ठेवून त्यात रक्कम महिन्याऐवजी आठवड्याला जमा करा आणि आठवड्याअखेरीस आपले व्यवहार तिने स्वतःच्या हाताने कागदावर उतरवावेत, एवढेच सुचवा. तो कागद तिचाच राहू द्या, आपण पाहायला मागू नका.

रोजकीर्द

आणखी एक विनंती. पहिले तीन-चार महिने कोणत्याही सदराला मर्यादा घालू नका, फक्त नोंद ठेवा. अंदाजाने ठरवलेली मर्यादा पहिल्याच महिन्यात ओलांडली जाते आणि सर्वांचा उत्साह जातो. मर्यादा ठरवाल तेव्हा ती मागील महिन्यांच्या सरासरीवरून ठरवा, आणि कपात करायची असेल तर एका वेळी एकाच सदरात करा, म्हणजे तिचा परिणाम पुढच्या महिन्याच्या आकड्यात वेगळा ओळखता येईल. महिना संपण्याची वाट पाहू नका. आज जी तारीख असेल त्या तारखेची शिल्लक लिहून सुरुवात करता येते.