पियानो सुटला म्हणून चेलो: प्येर फुर्निए कुठून ऐकायला सुरुवात करू?

पेटीवाला
नमस्कार मंडळी. गेली 36 वर्षं मी हातपेटीवर साथ करतोय, भजनी मंडळापासून नाट्यसंगीतापर्यंत. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डावा पाय गेला. आमच्या गावी नाटकांना ऑर्गन वाजवणारे एक बुवा होते. त्यांच्या शेजारी बसूनच मी शिकलो. ऑर्गनचा तो भरदार, न तुटणारा सूर डोक्यात बसला होता. पण त्याचा भाता पायांनी मारावा लागतो, आणि माझ्या एका पायाने हवा पुरायची नाही. पदाच्या ऐन मध्यावर सूर बसायचा. बाराव्या वर्षी ऑर्गनचा नाद सोडावा लागला.

गेल्या महिन्यात भाच्याने फोनवर बाख या जर्मन संगीतकाराच्या चेलो सूट लावून दिल्या. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं, गजाने वाजवायचं मोठं वाद्य, आणि सूट म्हणजे छोट्या रचनांची एक माळ. वादक प्येर फुर्निए. ऐकताना वाटलं, हाच तो सूर, आणि हा तर हाताने काढलाय! मग त्यांच्याविषयी वाचलं. जन्म 1906, पॅरिस. वडील फ्रेंच सैन्यात जनरल. आईकडे पियानो शिकत होते. नवव्या वर्षी पोलिओ झाला, पियानोची पेडलं पायांनी दाबता येईनात, म्हणून चेलो हातात घेतला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चेलो गुडघ्यांत धरतात ना? पायांत जोर नसताना त्यांनी तो सांभाळला कसा? आणि पुढे काय ऐकू?

गजाची_गोष्ट
काका, मी मुंबईत सात वर्षं चेलो शिकतेय, म्हणून आधी धरण्याबद्दल सांगते. चेलोच्या तळाशी एक लोखंडी दांडी असते, ती जमिनीत रोवतात. वजन तिच्यावर आणि थोडं छातीवर येतं. गुडघे फक्त वाद्य डुलू नये म्हणून लागलेले असतात. पाय जमिनीवर नुसते टेकलेले, त्यांना काही काम नाही. चालणं फुर्निएंना कायमचं अवघड राहिलं, पण खुर्चीत बसल्यावर सगळा कारभार पाठीचा आणि दोन हातांचा.

आता न तुटणाऱ्या सुराविषयी. गज एका टोकाला पोचला की उलट फिरवावा लागतो आणि तिथे सुरात खाच पडते. तुमच्या पेटीत भाता नीट सांभाळला नाही तर पडते ना, तशीच. आम्ही वर्षानुवर्षं त्या वळणावर घाम गाळतो. फुर्निएंचं वळण कानाला सापडतच नाही. चेलोवादकांत त्यांना खानदानी म्हणायचे ते या उजव्या हातामुळे. पॉल बाझलेर आणि आंटोन हेकिंग हे त्यांचे गुरू, आणि सतराव्या वर्षी ते पॅरिस कॉन्झर्व्हातुआर या संगीत विद्यालयातून उत्तीर्ण होऊन बाहेरसुद्धा पडले होते.

तुम्ही ऐकलेल्या सूट बहुधा 1960 च्या ध्वनिमुद्रणातल्या असतील. त्यातली दुसरी, डी मायनर या स्वरसप्तकातली, रात्री दिवा मालवून ऐका. मग द्वोर्झाकचा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना: वाद्यवृंद बर्लिन फिलहार्मोनिक, संचालक जॉर्ज सेल.

जुन्या_तबकड्या
वरच्या यादीत एक भर घालतो. पेटीवाले, तुम्ही साथीचे कलावंत आहात म्हणून मुद्दाम. बेथोव्हेनच्या पाचही चेलो सोनाटा (चेलो आणि पियानोसाठीच्या रचना) फुर्निएंनी तीन पियानोवादकांबरोबर तीनदा मुद्रित केल्या: श्नाबेल, गुल्डा आणि केम्प्फ. या सोनाटांत पियानो मागे बसून साथ करत नाही, बरोबरीने बोलतो. फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पुलँकने आपला चेलो सोनाटा फुर्निएंनाच अर्पण केला. चेलोची बाजू लिहिताना त्यांची मदत घेतली, आणि 1949 मध्ये पहिल्या प्रयोगाला पियानोवर पुलँक स्वतः बसला होता.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये फुर्निए रेडिओ-पारीवर वाजवत राहिले. तो रेडिओ जर्मनांच्या हुकमातला. त्याबद्दल युद्धानंतर त्यांच्यावर सहा महिन्यांची बंदी आली. त्यांचं वादन मी चाळीस वर्षं जीव लावून ऐकतोय, तरी हे मनातून जात नाही. पुढे ते स्वित्झर्लंडला स्थायिक झाले आणि 1986 च्या जानेवारीत जिनिव्हात वारले.

पेटीवाला
दोघांचे मनापासून आभार. रेडिओचं वाचून वाईट वाटलं, पण सांगितलंत ते बरं केलंत. अर्धवट माहितीवर मी त्यांना देव्हाऱ्यात बसवत होतो.

काल केम्प्फबरोबरची ए मेजर सोनाटा ऐकली. सुरुवातीला चेलो एकटाच आहे, नंतर पियानो येतो. पियानो आला तेव्हा मला भरून आलं. जो पियानो पायांमुळे सुटला, तो जन्मभर शेजारी बसून त्यांच्याशी बोलत राहिला. मीसुद्धा ऑर्गनवाल्या बुवांच्या शेजारी बसायचो ते आठवलं.

बुवा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. रविवारी फोन घेऊन त्यांच्याकडे जातोय. त्यांना ऐकू कमी येतं, खालचे स्वर मात्र नीट लागतात. गजाची गोष्टताई, सहा सूटपैकी सगळ्यात जास्त खर्जात कुठली राहते?

गजाची_गोष्ट
पाचवी, सी मायनर. तिच्यात सगळ्यात वरची तार एक स्वर उतरवून लावायला बाखने सांगितलंय, त्यामुळे अख्ख्या वाद्याचा आवाज गडद होतो. सुरुवातच सगळ्यात खालच्या, सी च्या तारेवर होते. बुवांना माझा नमस्कार सांगा.