स्टॅम्पवरची फारकती टिकत नाही

भाऊ, तुम्ही लिहिलं की तुम्ही नवरा-बायको दोघं घटस्फोटाला राजी आहात, पंचांसमोर स्टॅम्पवर फारकती (काडीमोड) लिहून घेतली की मोकळे. कृपा करून असं करू नका. आमच्या दारव्ह्याकडे असा कागद मी पाहिला आहे. नोटरीचा लाल शिक्का, खाली पंचांच्या सह्या, कोपऱ्यात पोरीचा अंगठा. त्याच्या भरवशावर तिचं दुसरं लग्न लावलं, आणि कायद्यानं ते लग्नच रद्दबातल! समाजात फारकतीची रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात शाबीत करावी लागते, आणि ते फार जड जातं.

दोघं राजी असतील तर संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब आहे, १९७६ पासून. कुणाचा दोष दाखवायचा नाही. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं. एकाच घरात असूनही नवरा-बायकोसारखं राहत नसाल तरी चालतं, हे सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच सांगितलंय. कोर्टात अर्ज केल्यावर ६ महिने थांबून दोघांचा दुसरा जबाब. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानं योग्य प्रकरणात ही मुदत माफ होऊ शकते. मात्र हुकूम होईपर्यंत एकानं संमती मागे घेतली तर सगळं अडतं, मग क्रूरता वगैरे कारण सिद्ध करत बसा.

म्हणून पोटगी, स्त्रीधन, लेकरांचा ताबा आधीच लेखी ठरवा. वहिनींना तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.