उत्तर: बाबांच्या मांडीवरचा चट्टा – डॉक्सी ही अँटिबायोटिक आत्ता की रिपोर्ट आल्यावर?

मंजिरी (सध्या सातारा), मंगळवार रात्री

मंडळी, घाईत लिहितेय, लाइट जातेय-येतेय. बाबांच्या डाव्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या मागच्या अंगाला लाल चट्टा उठलाय. अमेरिकेतल्या कनेक्टिकटहून परत येऊन आठवडा व्हायच्या आत आईला दिसला. खाज नाही, दुखत नाही, हात लावला तर किंचित गरम लागतो. फोटोत असतं तसं पांढरं-लाल कडं नाहीये, सगळाच एकसारखा लालसर-जांभळट. बाबा सावळे, त्यामुळे कड पटकन कळतही नाही. आईने काल रात्री कडेकडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवली. आज सकाळी चट्टा रेघेच्या बाहेर बोटभर सरकलेला. पट्टीने मोजला, आडवा ११ सेंटिमीटर. अंगात कसर आहे, मान आखडलीय.

डॉक्टरकाकांनी गजकर्ण म्हणून मलम दिलंय. शेजारच्या काकू नागीण म्हणतात, गेरू लावा म्हणतात. मला लाइमची, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या त्या जंतुसंसर्गाची शंका येतेय. बाबा जूनभर आमच्या मागच्या अंगणात पाचोळा ओढत होते, आणि आपल्या पिकनिकलाही त्या झाडीकडच्या बाकावरच बसले होते. काकांना तसं म्हटलं तर म्हणाले, "असेल तर आधी तपासणी, मग औषध." नमुना मुंबईला जातो, रिपोर्टला बरेच दिवस लागतात. तोवर थांबायचं का? डॉक्सी इथे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते, पण काकांना डावलून मी ती देणार नाही. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची नाडी त्यांनी पाहिलीय.

वसुधाताई, तुम्ही तिकडच्या क्लिनिकमध्ये लाइम पाहिलाय. मिरजेत आहात का? फोन लागत नाहीये. फोटो वेगळे पाठवलेत.


मिलिंद, मंगळवार

मंजिरी, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. रिपोर्ट हातात नसताना अँटिबायोटिक सुरू करू नये. लाइमच्या तपासणीचे दोन टप्पे असतात. आधी एलायझा ही रक्ततपासणी, ती पॉझिटिव्ह किंवा काठावर आली तर वेस्टर्न ब्लॉट ही दुसरी. दोन्हींत आलं तरच लाइम समजायचं. सांगलीला आमच्या घरी साध्या सर्दीलाही अँटिबायोटिकचा कोर्स लिहून मिळतो. माझ्या मावशीला लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हा तोंडाने घ्यायचं एकही औषध लागू पडेना, इंजेक्शनांसाठी ॲडमिट करावं लागलं. हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून कळकळीने सांगतोय.


सुहास, मंगळवार

पिकनिकच्या बाकाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. यंदा आपण जागा बदलली, गवत कापलेलं होतं, नोंदणीच्या टेबलावर गोचीड-डास दूर ठेवणारे डीटचे स्प्रे ठेवले होते, मराठीत सूचनाही लावली होती. झाडीकडे बाक समितीने मांडला नव्हता. ज्येष्ठांना सावली हवी म्हणून तो ऐनवेळी तिकडे ओढला गेला. कुणाला दोष देत नाही, पण समितीवर ठपका येऊ नये एवढंच.

मंजिरी, तुमच्या अंगणाच्या कडेला जुनी दगडी भिंत आणि तिला लागून पाचोळा. तिथे उंदीर असणारच, आणि लाइमचा जंतू मुळात राहतो तो त्या पांढऱ्या पायांच्या उंदरांत. हरणांवर गोचिडी वाढतात, पण त्यांना जंतू मिळतो उंदरांकडून. भिंत आणि हिरवळ यांच्यामध्ये लाकडी ढलप्यांचा तीन फुटी पट्टा टाका असं मी घर घेतलंत तेव्हाच म्हटलं होतं.


अण्णा, बुधवार

मंजिरी, बाबांना माझा नमस्कार सांग. अगं, कराडजवळ आमच्या गोठ्यात म्हशींचे कान गोचिडांनी भरलेले असत. आम्ही पोरं त्या हातानं ओढून काढायचो. कुणाच्या अंगाला चिकटली तर रॉकेलचा बोळा लावायचा, सुटायची. गावात कुणाला चट्टा उठल्याचं ऐकलं नाही. इतकं घाबरू नये. साताऱ्यात आहात, घरचं जेवण आहे, बरे होतील.


वसुधाताई (मिरज), बुधवार

मंजिरी, मी मिरजेतच आहे, काल रेंज नव्हती. फोटो पाहिले.

रिपोर्टसाठी थांबू नकोस. ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या पुरेशा तयार व्हायला काही आठवडे जातात. चट्टा असतो त्या दिवसांत बऱ्याच जणांची एलायझा निगेटिव्ह येते. त्या निगेटिव्हवरून काहीच ठरत नाही. म्हणून लाइमच्या प्रदेशात राहून आलेल्या माणसाला असा पसरता चट्टा दिसला, तर निदानाला तो चट्टाच पुरेसा मानतात. अमेरिकेतल्या संसर्गरोग, मेंदूविकार आणि संधिविकार तज्ज्ञांच्या २०२० च्या एकत्रित मार्गदर्शिकेत हेच आहे. मी तिकडे असताना आमच्या क्लिनिकमध्ये उन्हाळाभर हेच करत होतो.

बाबांचा चट्टा त्यात नीट बसतो. चावल्यावर ३ ते ३० दिवसांत उठतो, ५ सेंटिमीटरहून मोठा होतो, दिवसागणिक पसरतो, बहुधा दुखत-खाजत नाही. पांढरं-लाल कडं सगळ्यांना दिसतंच असं नाही, आणि सावळ्या कातडीवर तो काळपट-जांभळाही वाटतो. गोचीड चावलेली आठवत नाही म्हणतील, तेही नेहमीचंच. जूनमधली पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, गुडघ्यामागे कुणाला दिसणार? आईंनी रेघ मारली हे फार मोलाचं काम झालं. रोज मारा, शेजारी तारीख लिहा.

गजकर्णाला खाज असते, कडेला कोंडा सुटतो आणि ते सावकाश वाढतं. एका रात्रीत बोटभर सरकत नाही. नागीण असती तर एकाच बाजूला, एका पट्ट्यात पाण्याचे फोड आले असते आणि आग झाली असती. मलम बंद कर. इकडे मिळणाऱ्या मिश्र मलमांत बरेचदा स्टेरॉइड असतं, त्याने चट्ट्याचं रूप बदलतं आणि पुढे बघणाऱ्याची दिशाभूल होते.

औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १० दिवस. ती चालत नसेल तर अमॉक्सिसिलिन ५०० तीनदा, १४ दिवस. पण लिहून देतील ते तुमचे डॉक्टरच. त्यांचा नंबर पाठव, मी स्वतः बोलते. त्यांच्याबद्दल मनात काही आणू नकोस. साताऱ्यात आयुष्यभर प्रॅक्टिस करून लाइमचा रुग्ण समोर न येणं साहजिक आहे, भारतात याच्या नोंदी तुरळक आहेत. पावसाळ्यात तापाचा माणूस आला की ते डेंगी, मलेरिया, लेप्टो बघणार आणि ते बघायलाच हवं. स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किडा चावून येणारा तापही त्यांच्या मनात येईल. त्यासाठी काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली कुठे काळी खपली आहे का ते पाहा. सापडली तरी औषध डॉक्सीच.

बाबांना आत्ता विचार: भोवळ येते का, छातीत धडधडतं का, जिना चढताना धाप लागते का, चूळ भरताना पाणी एका बाजूने गळतं का. पहिल्या तीनपैकी काहीही असेल तर आजच ईसीजी. हा जंतू क्वचित हृदयाच्या ठोक्यांची वाट अडवतो. तोंड वाकडं वाटलं तर मला लगेच कळव, औषधाचे दिवस वाढतात.


मिलिंद, बुधवार

वसुधाताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मग रक्त आत्ताच देऊन ठेवायला काय हरकत आहे? गोळ्या सुरू करा, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बंद करा. निदान उगाच दहा दिवस औषध जाणार नाही.


नेहा, बुधवार

मिलिंद, निगेटिव्ह आलं म्हणून बंद, हेच माझ्या बाबतीत झालंय. मला पोटरीवर चट्टा होता. रक्त घेतलं, निगेटिव्ह आलं, लाइम नाही म्हणून घरी पाठवलं. चट्टा आपोआप गेलाही. मग दिवाळीच्या फराळाला मांडी घालून बसले ती उठताच येईना. उजवा गुडघा टम्म सुजलेला, सुईने पाणी काढावं लागलं. तेव्हा केलेल्या दोन्ही तपासण्या ठळक पॉझिटिव्ह. मग २८ दिवस डॉक्सी. चट्टा होता तेव्हा १० दिवसांत भागलं असतं.

गुडघा बरा झाला तरी थकवा बराच काळ राहिला. तेव्हा आपल्याच लिस्टवरच्या एकांनी महिनोन्महिने अँटिबायोटिक देणाऱ्या एका ठिकाणाचं नाव सुचवलं होतं. मी गेले नाही. अशा लांबवलेल्या कोर्सचे नीट अभ्यास झालेत. त्यांत टिकाऊ फायदा दिसला नाही आणि अपाय मात्र दिसले. अँटिबायोटिकच्या गैरवापराची तुझी काळजी तिथे लागू होते. बाबांच्या दहा दिवसांना ती लावू नकोस.

मंजिरी, आईंची रेघ वाचून मला पॉली मरे आठवल्या. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात मुलांचे गुडघे सुजत होते, तेव्हा या बाईंनी घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला. विली बर्गडॉर्फर यांना जंतू सापडला तो त्यानंतर, १९८१ मध्ये. घरातल्या बाईचं निरीक्षण या आजारात पहिल्यापासून उपयोगी पडलंय. आईंना हे नक्की सांग.


वसुधाताई (मिरज), बुधवार

नेहाने लिहिलंय तेच, मिलिंद. रक्त द्यायचं तर द्या, पण निगेटिव्ह आलं म्हणून गोळी थांबवायची नाही. चट्ट्याबद्दल शंका असती तर मीच म्हटलं असतं की आत्ता एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. आणि बरे झाले का हे पाहायलाही ही तपासणी करू नका. अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. नंतर कधी सांधा दुखला आणि कुणी ही तपासणी केली, तर पॉझिटिव्ह बघून उगाच घबराट होते.

अण्णा, म्हशींच्या कानातली गोचीड वेगळ्या जातीची, ती लाइम पसरवत नाही. तुमच्या गावात चट्टे नव्हते ते त्यामुळे. पण तुमची नातवंडं ईस्ट कोस्टला आहेत, म्हणून सांगते: रॉकेल नको, तेल नको, काडी लावून चटका तर मुळीच नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही. जंतू अंगात यायला तिला सहसा २४ तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं, म्हणून ती जितक्या लवकर निघेल तितकं बरं. बाहेरून आल्यावर कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवायचे आणि पोरांची काख, जांघ, कानामागे, केसांत हात फिरवून पाहायचं.


अण्णा, बुधवार

वसुधा, सुनेला आत्ताच फोन केला. चिमटा आणायला सांगितलाय. पण गावाकडं ही जात येणारच नाही असं म्हणता येईल का? कुत्री-मांजरं विमानानं आणतात लोक. यावर कुणी तरी लिहा.


मंजिरी (सातारा), गुरुवार पहाटे

वसुधाताई, कसे आभार मानू? तुमचा फोन झाल्यावर डॉक्टरकाका स्वतः घरी आले, भर पावसात, रेनकोट घालून. बाबांना खिडकीशी पालथं झोपवून भिंगातून चट्टा पाहिला, कडेवर बोट फिरवलं, कोंडा नाही म्हणाले. काळी खपली शोधली, सापडली नाही. ईसीजी नॉर्मल आहे. डॉक्सी लिहून दिली, सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया आणि डेंगीची तपासणी. जाताना म्हणाले, "मिरजेच्या बाईंना सांग, चट्ट्याचे फोटो मला माझ्या वहीसाठी हवेत."

आता दोन अडचणी. एक, पहिली गोळी घेतल्यावर मध्यरात्री बाबांना थंडी वाजून ताप चढला, आधीपेक्षा जास्त. आई घाबरलीय, औषध सोसत नाहीये म्हणते. दुसरी, रात्रीची गोळी ती हळदीच्या दुधाबरोबर देते आणि लगेच झोपायला लावते. बाबांची कॅल्शियमची गोळीही त्याच वेळची असते.


वसुधाताई (मिरज), गुरुवार सकाळी

ताप चढला म्हणून गोळी बंद करायची नाही. पहिल्या २४ तासांत काहींना असं होतं, जंतू मरताना अंग ते दाखवतं. पॅरासिटामॉल दे, पाणी भरपूर दे. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र ती ॲलर्जी, तेव्हा तडक दवाखाना गाठायचा.

हळदीचं दूध संध्याकाळी लवकर द्यावं, गोळीबरोबर नको. डॉक्सी कॅल्शियमला, लोहाला, ॲसिडिटीच्या गोळ्यांना धरून बसते आणि पोटातून अंगात पुरेशी जात नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. डॉक्सी जेवणावर, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, बाबांच्या वयाला ते फार त्रासाचं. ऊन पडलं तर गच्चीत बसू देऊ नका, या औषधावर कातडी लवकर भाजते.

आणखी एक, हे डॉक्टरांना आज आवर्जून सांग. दोन दिवसांत ताप उतरला नाही किंवा सीबीसीत हिमोग्लोबिन, प्लेटलेट घसरलेले दिसले, तर त्याच गोचिडीकडून बॅबेसिया हा दुसरा परजीवी आलाय का ते पाहावं लागेल. तो तांबड्या पेशींत राहतो आणि स्लाइडवर मलेरियाच्या रिंगांसारखाच दिसतो. डॉक्सीने जात नाही, त्याचं औषध वेगळं. लॅबच्या फॉर्मवर "जूनमध्ये कनेक्टिकट" असं ठळक लिहा, नाहीतर स्लाइड बघणारा मलेरिया लिहून मोकळा होईल आणि मग आपण चुकीच्या औषधामागे लागू.

सीबीसी आला की लगेच मला पाठव. मी दुपारी घरीच आहे.


सुहास, गुरुवार

मंजिरी, बाबांची काळजी घ्या. ऑगस्टच्या पिकनिकला झाडीकडची बाजू आम्ही दोरी लावून बंद करतोय, सावलीसाठी दोन तंबू भाड्याने घेतोय. नोंदणीच्या टेबलावर बारीक टोकाचे चिमटे ठेवायचेत, ते कुणाकडे आहेत कळवा. अण्णा, विमानातल्या कुत्र्यांबद्दल वेगळा विषय टाकून विचारा, इथे मंजिरीला निरोप सापडायला हवेत.