सतरंजी, दरी, गालिचा, घोंगडी : कशाला काय म्हणायचं?

प्रश्न

नागपूरला आमच्या घरी सासऱ्यांनी हौसेने जमवलेली हातमागावरची अंथरुणं-पांघरुणं आहेत. आता प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावायची आहे. घरात सगळ्यालाच 'दरी' म्हणतात, गांधीबागेतले दुकानदारही तेच म्हणतात. सतरंजीपुरा या इथल्या वस्तीचं नाव तर आम्ही रोज घेतो. मग सतरंजी आणि दरी एकच का? गालिचा कधी म्हणायचं? आणि भिंतीवर टांगायचा, मोर विणलेला लोकरी पट आहे, त्याला 'टॅपेस्ट्री' सोडून मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

ताई, सतरंजी आणि दरी ही वीण एकच. दरी हिंदीतून आपल्या बोलीत आली, नागपूरकडे जास्त. सतरंजीचं मूळ 'शतरंज'मध्ये आहे, आणि तो शब्द फारसी-अरबीतून मागे नेला की आपल्याच 'चतुरंग'पाशी पोचतो. पटावरच्या घरांसारखी चौकडी, म्हणून सतरंजी. 'सात रंगांची ती सतरंजी' असं बरेच जण सांगतात. ऐकायला छान वाटतं, पण ती नंतर जुळवलेली व्युत्पत्ती आहे.

माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की वस्तू कुठे अंथरली यावरून नाव देऊ नका, वीण पाहून द्या. सतरंजीत ताणा, म्हणजे उभे धागे, दिसतच नाहीत. बाणा, म्हणजे आडवे धागे, पंजाने (धातूच्या फणीने) ठोकून इतका दाट बसवतात की रंग आणि नक्षी सगळी आडव्या धाग्यांचीच. वर लव नसते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी अंथरता येते. गालिच्यात मात्र ताण्यावर लोकरीची एकेक गाठ मारून टोकं कातरतात, तीच त्याची लव. उलटा करून पाहा, गाठींचे दाणे रांगेने दिसतील. फारसीत 'कालीचा' म्हणजे लहान काली, छोटा गालिचा. मराठीत येताना लहानपणा गळून पडला आणि दिवाणखानाभर पसरलेलाही गालिचाच झाला.

जाजम वेगळं. इराणात 'जाजिम' हे पट्ट्यापट्ट्यांचं विणलेलं कापड. आपल्याकडे बैठकीला अंथरायचं, बहुधा छापील, मोठं कापड. त्याची ओळख वापरावरूनच आहे, तिथे माझा नियम चालत नाही.

प्रतिसाद

घोंगडीबद्दल थोडं. ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची, बहुतेकदा न रंगवलेली. काळा रंग मेंढीचाच. सनगर समाजाचे विणकर ती खड्ड्याच्या मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी हाताला ताठ आणि खरखरीत लागते ती त्या खळीमुळे. भिजली की जड होते, लवकर वाळत नाही, म्हणून रेंगाळलेल्या कामाला 'भिजत घोंगडं' म्हणतात. आणि पुढाऱ्यामागे वर्षानुवर्षं राबूनही पद न मिळालेला कार्यकर्ता 'सतरंज्या उचलतो'. गालिचे उचलल्याचं कुणी म्हणत नाही, कारण सभेला सतरंजीच लागते.

संग्रहात वाकळ (आपल्या वऱ्हाडीत 'वाकय') किंवा गोधडी असेल तर ती निराळी ठेवा. ती विणलेली नसते, जुन्या कापडांचे थर टाके घालून शिवलेली असते.

प्रतिसाद

टॅपेस्ट्रीसाठी 'भित्तिपट' पुष्कळ जण वापरतात. मला तो पुरा पडत नाही, कारण तो फक्त टांगण्याची जागा सांगतो. छापील कापड टांगलं तरी तो भित्तिपटच. 'चित्रजवनिका' हा शब्दही वाचनात आहे. जवनिका म्हणजे पडदा. भारदस्त आहे, पण चित्र विणलेलं आहे हे त्यातूनही कळत नाही.

टॅपेस्ट्रीत रंगीत बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंग आपल्या जागेपुरता जाऊन परत फिरतो. फ्रान्समधली प्रसिद्ध बायो टॅपेस्ट्री, सुमारे 70 मीटर लांबीची, खरं म्हणजे भरतकाम आहे. नाव टॅपेस्ट्री, वीण नाही. उलट आपल्या पैठणीचा पदर याच विणीचा: मोर, वेल, कमळ यांचा प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर, शेजारच्या रंगात अडकवलेला, मागून-पुढून सारखा. म्हणून मी 'चित्रविणीचा पट' म्हणेन. पैठणी पाहिलेल्या कुठल्याही बाईला तो लगेच समजेल.

जागेवरून नाव का देऊ नये, याला अमेरिकेतल्या नावाहो या आदिवासी जमातीच्या विणकरांचं उदाहरण लागू पडतं. त्यांची लोकरी पांघरुणं आधी अंगावर घ्यायची असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली, व्यापाऱ्यांची मागणी बदलली, तशी ती जमिनीवर अंथरायची म्हणून विणली जाऊ लागली, आणि आज संग्राहक ती भिंतीवर लावतात. बाणा ताण्याला झाकतो, हे मात्र तिन्ही ठिकाणी तसंच राहिलं.

प्रश्नकर्तीकडून

उजेडासमोर धरून पाहिलं. मोराच्या मानेच्या कडेला, निळा आणि पिवळा उभ्या रेषेत भेटतात तिथे, बारीक फटी आहेत. पार उजेड येतो. फाटलाय का?

प्रतिसाद

फाटलेला नाही. दोन रंग एकमेकांत न अडकवता आपापल्या ताण्यावरून परत फिरवले की अशी फट राहते. तुर्की-इराणी किलिममध्ये, म्हणजे तिकडच्या बिनलवेच्या विणलेल्या अंथरुणांत, ती नेहमीची. शिवून बुजवू नका. चिठ्ठीवर लिहा : 'चित्रविणीचा पट, लोकर, फटीची वीण.' चिठ्ठी डिंकाने चिकटवू नका, टाचणीही नको, गंजते. सुती फितीवर लिहून कोपऱ्यात सैल टाका घाला. लोकरीचे नग घडी न घालता गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून उलगडून पाहत जा. कसर आधी घडीतच लागते.