१:१८ मापाच्या पद्मिनी (फियाट) मॉडेल गाडीचा खांब तुटलाय, काय करू?

सिडकोकर: बाबांनी दिलेली डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) फियाट माळ्यावरून पडली, पुढच्या काचेजवळचा खांब तुटला, छपराचा रंग उडालाय. आता काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रंगात करायचा विचार आहे. सोल्डर मारू का?

पंचवटी_गॅरेज: सोल्डर अजिबात नको भाऊ! ही बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, साधारण ३८० डिग्रीला वितळायला लागते, सोल्डरिंग आयर्न लागलं की खांबाचा गोळा. दोन्ही टोकांत ०.५ एमएमचं बारीक भोक पाडून गिटारच्या तारेचा तुकडा घाल, वर अराल्डाइट, आणि चोवीस तास हात लावू नकोस (मी लावला होता, कळलं). आधी खालचे रिव्हेट ड्रिलने उडव, काच-सीट सगळं बाहेर काढ, मगच रंग उतरव. अ‍ॅसिटोन फक्त धातूला, प्लॅस्टिकला लागलं की संपलं.

सिडकोकर: काच फेविक्विकने चिकटवू ना?

जुनी_गाडी_नाशिक: नको रे, त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धूळ बसते. साधं फेविकॉल लाव, सुकलं की पारदर्शक होतं. आणि हो, स्प्रे सध्या नको, आपल्याकडे पाऊस लागलाय, दमट हवेत लॅकर (स्प्रेचा रंग) पांढरट पडतो. गणपतीनंतर ऊन पडलं की आधी राखाडी प्रायमर, मग पातळ पातळ तीन हात. आधी पिवळं छप्पर, मास्किंग टेप, मग काळं. उलटं केलंस तर पिवळ्यातून काळं डोकावत राहतं.

सिडकोकर: ओके, आजच रिव्हेट काढतो. बाबांना अजून सांगितलं नाहीये 😅