मदत हवी आहे: कौलारू घरातल्या नव्या स्पीकरांना कोणता रिसीव्हर जोडावा?

सर्व सभासदांना नमस्कार.

मी बेळगावच्या वडगाव भागात राहतो. गेल्या महिन्यात पुण्याहून होम थिएटरचे स्पीकर आणले, पण ते चालवणारा रिसीव्हर अजून ठरत नसल्यामुळे तीन आठवडे सगळी खोकी माजघरात एकावर एक रचलेली आहेत. खडेबाजारात चौकशी केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी साउंडबारच ऐकवले गेले. रिसीव्हर मागवून देऊ म्हणाले, पण जोडून ऐकवण्याची सोय मला आढळली नाही. म्हणून सर्व तपशील येथे मांडतो आणि जाणकारांनी मार्ग सुचवावा, अशी विनंती करतो.

समोर डाव्या-उजव्या बाजूंना एलॅक कंपनीच्या डेब्यू २.० मालिकेतील बी ६.२, मागे त्याच मालिकेतील बी ५.२, मध्ये त्याच मालिकेतील सेंटर स्पीकर आणि सोबत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला १० इंची सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा स्पीकर), असा संच आहे. माहितीपत्रकात बी ६.२ साठी ६ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) आणि ८७ डेसिबल (आवाजाची पातळी), तर बी ५.२ साठी ६ ओहम आणि ८६ डेसिबल असे आकडे दिलेले आहेत. खोली १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद असून बसण्याच्या जागेपासून समोरचे स्पीकर ११ फुटांवर येतील. वर मंगळुरी कौले आहेत, त्यामुळे छताला सपाट भाग कुठेही नाही. खाली शहाबादी फरशी आहे आणि टाळी वाजवली तर खोली घुमते. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे व पलीकडे दोन यंत्रमाग रात्री साडेनऊपर्यंत चालू असतात. मागांचा तो खडखडाट आम्हाला जन्मापासून सवयीचा आहे, पण त्यावर मात करून संवाद ऐकू यावेत, हीच खरी अडचण आहे.

हा सारा खटाटोप मुख्यतः वडिलांसाठी आहे. ते ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांना ऐकू कमी येते. टीव्हीवर चित्रपट लागला की ते मला आवाज वाढवायला सांगतात. वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येते, म्हणून कमी करायला सांगतात, आणि मग पुन्हा पात्रांचे बोलणे हरवते. परवा ते मला म्हणाले, "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत." हे वाक्य मी डोक्यातून काढू शकलेलो नाही. चित्रपटाखेरीज ते रोज सकाळी तासभर गाणे ऐकतात. कुमार गंधर्वांचा जन्म आमच्या शेजारच्या सुळेभावीचा, याचा त्यांना मोठा अभिमान आहे, आणि त्यांच्या गाण्यामागचा तंबोरा नीट ऐकू यावा, एवढीच त्यांची संगीताबाबत अपेक्षा आहे. म्हणजे माझ्या रिसीव्हरला दोन कामे करायची आहेत: पाच स्पीकरांवर स्पष्ट संवाद आणि दोन स्पीकरांवर शांत, स्वच्छ गाणे.

तीन रिसीव्हर माझ्या विचाराधीन आहेत. पहिला यामाहाचा आरएक्स-व्ही३८५. तो ५.१ वाहिन्यांचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर जोडता येणारा) आहे आणि त्याची क्षमता ७० वॅट लिहिलेली आहे. दुसरा यामाहाचाच आरएक्स-व्ही४ए, ५.२ वाहिन्यांचा, ८० वॅटचा. तिसरा डेनॉनचा एव्हीआर-एक्स१८००एच, ७.२ वाहिन्यांचा, तोही ८० वॅटचा. माझी तयारी ६० हजार रुपयांपर्यंत आहे. कारण पटले तर थोडे ताणता येईल, पण केवळ आकडा मोठा दिसतो म्हणून ताणायचे नाही.

वॅटच्या आकड्यांनीच माझा सर्वाधिक गोंधळ उडवला आहे. एकाच रिसीव्हरच्या जाहिरातीत एक आकडा असतो, माहितीपत्रकात दुसरा, आणि स्पीकरच्या पाठीवर '१२० वॅटपर्यंत' असे तिसरेच काही असते. एका दुकानदारांनी मला ठामपणे सांगितले की स्पीकर १२० वॅटचे असतील तर रिसीव्हरही १२० वॅटचाच हवा, नाहीतर स्पीकर जळतील. हे खरे आहे का? आणि ८ ओहमचा आकडा दाखवणाऱ्या रिसीव्हरला ६ ओहमचे स्पीकर जोडले तर तो तापेल का?

दुसरा प्रश्न, डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉसचा. डेनॉनच्या जास्तीच्या दोन वाहिन्यांवर वरच्या बाजूचे स्पीकर लावता येतात, हे मी वाचले आहे. पण पावसाळ्यात आमच्या कौलांतून दोन-तीन ठिकाणी ठिबकते, त्यामुळे वाशांना काहीही टांगण्याची माझी तयारी नाही. जमिनीवर ठेवून वरच्या दिशेने आवाज फेकणारे स्पीकर अशा उतरत्या छताखाली चालतील का?

तिसरा प्रश्न विजेचा आहे आणि त्याला पूर्वेतिहास आहे. आमचा जुना होम थिएटर संच तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात गेला. वीज जवळपास कडाडली तेव्हा संच बंद होता, इतकेच नव्हे तर मी त्याचा प्लगही काढलेला होता; तरीही दुसऱ्या दिवशी तो सुरू झाला नाही. दुरुस्तीच्या वेळी कारागिरांनी झाकण उघडून मला दाखवले की विजेकडचा भाग कोरा करकरीत होता, आणि डिशच्या डब्याकडून येणाऱ्या एचडीएमआय पोर्टच्या मागे, नखाएवढ्या जागेत, सर्किटची पाटी काळी पडलेली होती. मी प्लग काढला होता, पण गच्चीवरच्या छत्रीची केबल तशीच राहिली होती. सुटा भाग मिळाला नाही आणि संच भंगारात गेला. याशिवाय आमच्याकडे दाबही स्थिर नसतो. गेल्या आठवड्यात मी मल्टीमीटर लावून पाहिले, तेव्हा संध्याकाळी सात वाजता १९५ व्होल्ट आणि रात्री अकरा वाजता २३८ व्होल्ट भरले. मग नवा रिसीव्हर यातून कसा जपावा?

शेवटचे एक विचारतो. माझा मावसभाऊ दिवाळीला अमेरिकेहून येत आहे. तिकडे रिसीव्हर स्वस्त मिळतो, घेऊन येऊ का, असे तो विचारतो आहे. आणावा का?

प्रतिसाद, निपाणीहून:

नमस्कार. आपण खोलीची मापे आणि स्पीकरचे आकडे दिलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते.

प्रथम वॅटचा गोंधळ. स्पीकरवरचा १२० वॅटचा आकडा ही सहन करण्याची मर्यादा आहे, मागणी नव्हे. आपल्याला खरोखर किती लागेल, ते असे काढा. बी ६.२ ला साधारण एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. आपण ११ फुटांवर, म्हणजे सुमारे ३.३ मीटरवर बसणार. मोकळ्या जागेत एवढ्या अंतरात आवाज दहा डेसिबलने उतरतो, तेव्हा कानाशी ७७ डेसिबल उरतात. पुढे दर तीन डेसिबलसाठी वॅट दुप्पट होतात: दोन वॅटला ८०, चारला ८३, आठला ८६, सोळाला ८९, बत्तीसला ९२ आणि चौसष्टला ९५. घरात सामान्यपणे ऐकताना सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास पुष्कळ होते, म्हणजे बहुतेक वेळ आपला रिसीव्हर एका वॅटवर चालेल आणि उरलेली ताकद क्षणिक धमाक्यांसाठी राखीव राहील. भिंतींकडून परत येणारा आवाज आणि एकाच वेळी वाजणारे इतर स्पीकर धरले तर प्रत्यक्षात याहूनही कमी वॅट पुरतात. ८० आणि ९५ वॅटच्या रिसीव्हरमधला फरक एक डेसिबलही भरत नाही.

मात्र आकड्यांची तुलना करताना तीन गोष्टी शेजारी वाचाव्यात: किती ओहमवर, किती वाहिन्या चालू असताना आणि कोणत्या ध्वनिपट्ट्यात. व्ही३८५ चे ७० वॅट ६ ओहमवर मोजलेले आहेत, तर व्ही४ए आणि एक्स१८००एच यांचे ८० वॅट ८ ओहमवर; म्हणून कागदावर दहा वॅटचा दिसणारा फरक आपल्या ६ ओहमच्या स्पीकरांवर त्याहून मोठा आहे. तिन्ही आकडे दोनच वाहिन्या चालू असतानाचे आहेत. पाचही एकदम चालल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा एकाच वाहिनीवर, एकाच सुराचा, विकृती वाढू देऊन काढलेला असतो, त्याकडे दुर्लक्ष करावे. दुकानदारांच्या बोलण्यात एक तथ्य आहे: लहान रिसीव्हर कमाल आवाजाला रेटत राहिले तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि त्यात ट्विटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) जळू शकतो. आपण तितके रेटणार नाही.

६ ओहमची चिंता नको, फक्त हवा खेळती ठेवावी. रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नका आणि त्याच्या डोक्यावर डिशचा डबा ठेवू नका. सेटिंगमध्ये पाचही स्पीकर 'लहान' निवडून ८० हर्ट्झची सीमा ठेवलीत, तर त्याखालचा जड भार सबवूफर स्वतःच्या ताकदीवर उचलतो आणि रिसीव्हर निवांत राहतो.

आता वडिलांबद्दल. चित्रपटाच्या ५.१ ध्वनीत बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात. म्हणून टीव्हीच्या सर्वसाधारण आवाजाला हात न लावता एकट्या सेंटरची पातळी दोन ते तीन डेसिबलने वाढवावी. आपण सांगितलेली वाढवा-कमी करा ही ओढाताण त्यानेच थांबेल. रात्री ऐकताना मोठे-लहान आवाज जवळ आणणारी सोयही रिसीव्हरमध्ये असते, तीही वापरून पाहावी. सेंटर टीव्हीखाली बुटक्या मेजावर येणार असेल, तर पुढच्या कडेखाली लाकडाची पट्टी सारून त्याचे तोंड वडिलांच्या कानाकडे करावे. आणि खोलीत जाड सतरंजी अंथरावी, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर गोधडी किंवा जाड पडदा लावावा. घुमणाऱ्या खोलीत शब्दांचे शेवट एकमेकांत मिसळतात आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला नेमका तोच त्रास होतो. माझ्या आईच्या बाबतीत रिसीव्हर बदलण्यापेक्षा सतरंजीने अधिक फरक पडला, हे मी अनुभवाने सांगतो.

अ‍ॅटमॉस सोडून द्यावे. वर आवाज फेकणाऱ्या स्पीकरांना परावर्तनासाठी सपाट, टणक छत लागते. उतरती कौले तो आवाज भलतीकडे पाठवतील. मग डेनॉनच्या दोन वाहिन्या रिकाम्याच राहतील. व्ही३८५ आणि व्ही४ए यांत मी व्ही४ए सुचवीन. त्यात ईएआरसी (एचडीएमआय केबलवरून टीव्हीचा ध्वनी रिसीव्हरकडे आणणारी सोय) आहे, त्यामुळे टीव्हीकडून येणारा ध्वनी न आवळता, पूर्ण स्वरूपात घेता येतो, आणि घरच्या वाय-फायवरून वडिलांचे गाणे थेट लावता येते; व्ही३८५ मध्ये ब्लूटूथवर भागवावे लागेल.

अमेरिकेहून मुळीच आणू नये. तिथले संच १२० व्होल्टचे असतात, आपल्याकडे भारी ट्रान्सफॉर्मर कायमचा जोडून ठेवावा लागतो आणि इथली हमी लागू होत नाही. सुट्या भागासाठी एकदा भोगले आहेतच.

प्रतिसाद, खानापूरहून:

विजेविषयी थोडेसे सांगतो, कारण आमच्याकडे पाऊस तुमच्यापेक्षा जास्त आणि विजाही जास्त. सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेल्या दाबापासून संच वाचवणारे साधन) घेण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, आणि तार नसेल तर जास्तीचा दाब जाणार कुठे? मीटर आहेच, तर फेज आणि अर्थ यांमधला दाब मोजा. तो फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा, आणि शंका आली तर वायरमनला बोलवा. १९५ व्होल्टसाठी दाब फार उतरला किंवा चढला की संचाचा वीजपुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर बसवा. आणि वळीव सुरू झाला की आधी छत्रीची केबल काढा, मग प्लग.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर:

आपणा दोघांचेही मनापासून आभार. काल वायरमन येऊन गेले. तिसऱ्या भोकामागे खरोखरच तार नव्हती. परसात नवीन खड्डा घेऊन अर्थिंग करून घेणार आहे, आणि तोवर एकही खोके उघडणार नाही. मावसभावाला नको म्हणून कळवले.

सतरंजीचा प्रयोग मात्र कालच केला. ट्रंकेतली लग्नकार्यातली जाड सतरंजी अंथरली, दाराकडच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या आणि टीव्हीच्याच स्पीकरवर बातम्या लावल्या. वडिलांनी आवाज वाढवायला सांगितला, पण एकदाच.

रिसीव्हर व्ही४ए घेण्याचे जवळजवळ ठरले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चंदगड परिसरात कोणाकडे तो ६ ओहमच्या स्पीकरांवर चालू असेल, तर वडिलांना घेऊन अर्धा तास ऐकायला येण्याची परवानगी मिळावी. रविवारी सकाळ आम्हाला सोयीची आहे.